तो तांबडा उजेड कुठला, वन्सं?

वन्सं, तुमच्या दहाव्याला नातवंडांनी चौकात तुमचा फ्लेक्स लावलाय. फोटो कुठल्या तरी लग्नातला आहे. शेजारच्या माणसाला कापून काढलंय, पण त्याच्या फेट्याचा शेमला तुमच्या खांद्यावर तसाच राहिलाय. मागं ढग, ढगांतून सोनेरी किरणं, दोन्ही बाजूंना समया, खाली गुलाब. गुलाबांच्या खाली शोकाकुल मंडळींचे फोटो. त्यांना तुमच्यापेक्षा जास्त जागा मिळालीय. तोंड तर इतकं गोरं केलंय की मी काठी टेकत अगदी जवळ गेले तेव्हा कुठं ओळख पटली.

आधी रडू आलं. मग हसू आवरेना. लोकांना वाटलं, म्हातारीच्या डोक्यावर परिणाम झाला. तुम्ही शेजारी असता तर पदर तोंडाला लावून हळूच म्हणाला असता, "इंदे, ह्यात उजीड येतोय कुठनं गं? म्हागं सूर्व्य, बाजूला समया, आन् सावली कुठंच न्हाई!" आणि मी म्हणाले असते, "सर्गात सावली नसती, वन्सं." मग आपली जुंपली असती. चौकात उभं राहून भांडायला तुमच्याशिवाय दुसरं माणूस नाही मला. फ्लेक्सबद्दल जे बोलायचं होतं ते तुमच्याशीच बोलायचं होतं, म्हणून हे लिहायला बसले.

मी लग्न होऊन कवठे महांकाळच्या कोरड्या माळावरून कृष्णाकाठी मलकापूरला आले तेव्हा जगात लढाई चालली होती. तुम्ही माझ्या नवऱ्याच्या थोरल्या बहीण. तुमचे मालक पलटणीत, समुद्रापार गेलेले. त्यांना घरातली सगळीच दाजी म्हणत, मीही म्हणू लागले. सासरी मन लागेना म्हणून तुम्ही माहेरी येऊन राहिला होतात. सासूबाई मी यायच्या आधीच गेलेल्या, त्यामुळं घरात बाईमाणूस म्हणजे तुम्ही आणि मी. पहिल्या दिवशी मला कळशीभर पाणी सांडताना बघून तुम्ही म्हणालात, "सांड सांड, हितं किष्णामाई हाय. तुमच्याकडं म्हणं पाव्हण्याला गूळ देत्यात आन् पाण्याला उंद्या या म्हणत्यात?" मला इतका राग आला की दिवसभर मी तुमच्याशी बोलले नाही. तुम्ही मात्र बोलतच होतात.

आपली गट्टी जमली ती कागदांमुळं. ऊस गेला की रस्त्याकडंचं रान रिकामं राही. ते मामंजी, म्हणजे माझे सासरे, सिनेमाच्या तंबूवाल्याला देत. तंबूचा मॅनेजर माणूस गोड. उरलेली, फाटकी पोस्टरं तो घरी आणून देई. मामंजी ती पोस्टरं कणगीच्या फटींवर आणि स्वयंपाकघरातल्या पोपडे धरलेल्या भिंतीवर खळीनं चिकटवायला सांगत. चिकटवायचं काम आपलं. मात्र मामंजींचा कायदा एकच. "रान दिऊ, पर आपल्या घरातल्या बाया तंबूत पाय ठिवणार न्हाईत." त्यावर बोलायची कुणाची छाती नव्हती. तुमची होती, पण तुम्ही तेव्हा गप्प राहिलात. जिचा नवरा लढाईवर आहे त्या बाईनं करमणूक मागायची नसते, असं तुम्हालाच वाटत होतं.

पण तंबूच्या कर्ण्याला कोण अडवणार? दिवेलागणीला आपण भाकऱ्या थापायला बसलो की सगळा सिनेमा वाऱ्यावरून चुलीपर्यंत येई. गाणी येत, रडणं येई, दारं आपटलेली ऐकू येत. समोर भिंतीवर चित्र आणि कानाला बोलणं. बाकीचं आपण जुळवायचं. तव्यावरची भाकरी करपली की तुम्ही म्हणायचात, "आता हिरवीण रडाया लागली, मी काय करू?"

पोस्टर बघायचं कसं हे तुम्ही मला शिकवलंत असं मी आजवर तुमच्या तोंडावर कधी कबूल केलं नाही. तुम्हाला अक्षरओळख नव्हती. म्हणूनच असेल, तुम्ही अक्षरंसुद्धा चित्रासारखी बघायचात. "ह्ये अक्षार बघ कसं कंबरंवर हात ठिवून हुबं ऱ्हायलंय," म्हणायचात. मी चौथी शिकलेली, मला त्यात फक्त 'भ' दिसायचा. तुम्हाला गच्च भरलेलं पोस्टर आवडे. वर नायिका, खाली घोडा, कोपऱ्यात खलनायक, मधल्या फटीत कारंजं. एक बोट जागा रिकामी दिसली तर रंगवणारा आळशी, असा तुमचा निकाल. मला मात्र मोकळं आवडे. एवढंच तोंड आणि बाकी नुसतं आभाळ असलेलं एक पोस्टर होतं, आठवतं? मी त्याच्यासमोर रेंगाळले की तुम्ही टोमणा मारायचात, "व्हय व्हय, तुला माळच आवडणार. जितं उगवत न्हाई तितं तुझा जीव रमतो." मी म्हणायची, "आन् तुमाला उसाचं रान पायजे, आत शिरलं की वाटच सापडाय नगं." आपण दोघी आपापल्या गावचंच रान त्या कागदांत शोधत होतो. हे कळायला मला म्हातारी व्हावं लागलं.

आणि मग ते दारातल्या माणसाचं पोस्टर आलं.

त्याच्या खालची नावाची पट्टी फाटून गेलेली होती. चित्र मात्र शाबूत होतं. मोठी काळी चौकट, तिच्यात पाठमोरा उभा माणूस, टाचा आपल्याकडं, एक हात चौकटीवर, आणि मान वळवून तो मागं बघतोय. त्याच्या पलीकडं सगळं तांबडं. नुसतं तांबडं, दुसरं काहीच रंगवलेलं नाही. त्या तांबड्यानं त्याच्या गालाची कड तेवढी उजळलेली. असलं मोकळं पोस्टर तुमच्या आवडीचं नव्हे. तरी खळीचं भांडं हातात घेऊन तुम्ही किती तरी वेळ तशाच उभ्या राहिलात, आणि ते तुम्ही कणगीला न लावता चुलीसमोरच्या भिंतीवर लावलंत.

मी पाहताक्षणी म्हणाले, "चाललाय बिचारा. म्हागं वळून बघतोय."

तुम्ही म्हणालात, "चालला कशाचा? आलाय त्यो. घरात शिरतोय."

"आवं टाचा आपल्याकडं हायत की!"

"मग? आपण भाईर हुब्या हाय. त्यो आत चाललाय. त्ये तांबडं म्हंजी चूल पेटलीय आत. म्हागं वळून आपल्याला या म्हणतोय."

"आपण आत हाय, वन्सं. त्ये तांबडं म्हंजी दिस मावळाया लागलाय. त्यो भाईर चाललाय."

झालं. तिथून जी जुंपली ती जन्मभर. बाकीची पोस्टरं मागं पडली. एकदा तुम्ही चुलीतलं जळतं लाकूड उचलून भिंतीपाशी नेलंत, हाच तांबडा रंग आहे म्हणून दाखवायला. एकदा मी तुम्हाला संध्याकाळी ओढत बांधावर नेऊन मावळतीचं आभाळ दाखवलं. तुम्ही म्हणालात, "हेच्यात जांभळं हाय. त्येच्यात जांभळं न्हाई." ते खरं होतं. मी कबूल केलं नाही.

तंबूत नवा सिनेमा लागला, त्याच दिवशी मॅनेजरनं हे पोस्टर दिलेलं. म्हणजे हे त्याच सिनेमाचं, असं आपण धरून चाललो. मग काय, रोज दिवेलागणीला कान तंबूकडं. सिनेमात मधे कधीतरी दार करकरायचं, एक बाई "आलात?" म्हणायची आणि गाणं सुरू व्हायचं. तुम्ही पिठाचा हात तसाच वर धरून म्हणायचात, "ह्ये बघ, ह्ये बघ, आला!" आणि शेवटी शेवटी पुन्हा दार, पुन्हा तीच बाई हुंदके देणारी. तेव्हा मी म्हणायची, "ह्ये बघा, गेला." एकाच माणसाला आपण रोज एकदा घरात घेत होतो आणि एकदा घराबाहेर काढत होतो.

दाजींची पत्रं यायची बंद झाली होती. पलटण कुठं आहे ते कुणालाच सांगता येत नव्हतं. शेजारच्या गावात एका घरी तार आली होती आणि तेव्हापासून सायकलची घंटी वाजली की तुमचा हात थांबायचा. मामंजी ओसरीवर बसून राहायचे आणि विचारलं तर "कायबी न्हाई" म्हणायचे. मला सगळं कळत होतं. म्हणून एक दिवस मी मनाशी ठरवलं की आता वाद पुरे, आणि भाकरी उलटता उलटता म्हणाले, "वन्सं, तुमचंच खरं. येतोयच त्यो."

तुम्ही माझ्याकडं असं बघितलंत की मी उलथनं खाली ठेवलं. "न्हाई," तुम्ही म्हणालात. "तू जातोयच म्हण. तू जातोय म्हणलीस तरच मला येतोय म्हणता येतंय. सगळीच येतोय म्हणाय लागली, की मला भ्या वाटतंय."

मग मी रोज म्हणत राहिले. "जातोय." इतक्या मायेनं मी आयुष्यात दुसरं काही म्हटलं नसेल. आणि तुम्ही रोज त्वेषानं उलटं सांगत राहिलात. त्या भांडणावर आपण दोघींनी ते दिवस काढले. बाकी कशाचा आधार होता आपल्याला?

आणि दाजी आले! तुमच्या दाराची, चौकटीची, तांबड्या उजेडाची सगळी पूर्वतयारी पाण्यात घालवून दाजी मागच्या बाजूनं, गोठ्यातून आले. भर दुपारी. रस्त्यानं आले तर माणसं अडवतील म्हणून शेतातनं आडवे आले म्हणे. मी शेण काढत होते. खाकी कपड्यातला वाळून गेलेला माणूस म्हशीच्या पलीकडं उभा बघून मी किंचाळले. तुम्ही धावत आलात. दाजींना पाहिलंत. मला वाटलं, आता रडतील, पडतील, काहीतरी होईल. तुम्ही कमरेवर हात ठेवून म्हणालात, "ह्ये काय गोठ्यातनं येणं झालं? पुढच्या दारानं या!"

"आगं, पर आलो की आता," दाजी म्हणाले.

"फिरा म्हागं. पुढच्या दारानं."

एवढ्या लढाईतून आलेला माणूस मुकाट्यानं घराला वळसा घालून पुढच्या दारी गेला. मी भाकरतुकडा आणि तांब्या घेऊन आत उंबऱ्याशी उभी राहिले, रीत तशी आहे म्हणून. तुम्ही मला दंडाला धरून अंगणात ओढलंत. ओवाळून झालं, तुकडा टाकून झाला. मग तुम्ही दाजींना पुढं घातलंत आणि आपण दोघी अंगणात मागं थांबलो. "आता आत चला," तुम्ही सांगितलंत. ते उंबऱ्यावर चढले. "थांबा! चौकटीला हात लावा. आता म्हागं वळून बघा."

"ही काय कवायत लावलीया?" दाजी ओरडले. पण वळले. ओसरीवर मामंजी तोंडाचा आ करून बघत राहिले होते. आणि तुम्ही माझ्या कानाशी लागून म्हणालात, "बघ. आत जातानाबी टाचाच दिसत्यात." माझ्या दंडावर तुमच्या नखांच्या खुणा उमटल्या होत्या.

मी रडत होते, तरी म्हणाले, "पर तांबडं कुठं हाय?" भर दुपारी चूल विझलेली होती, आत नुसता अंधार. त्यामुळं दाजींचं तोंडही नीट दिसत नव्हतं. तुम्ही पटकन आत धावलात ते चूल पेटवायलाच.

दाजींनी ट्रंकेतून तुमच्यासाठी आणलेली वस्तूही तशीच. परदेशातलं, जाड पुठ्ठ्याचं, पुस्तकासारखं उघडणारं रेकॉर्डचं पाकीट. आतल्या तबकड्या वाटेतच फुटलेल्या, आणि आपल्या घरी फोनोही नव्हता. वर चित्र मात्र काय सुंदर! काळंभोर पाणी, एका कोपऱ्यात इवलीशी लाल होडी आणि बाकी काही नाही. मला वाटलं, तुम्ही नाक मुरडणार. तुम्ही ते कितीदा तरी लांब धरून बघितलंत आणि म्हणालात, "किती जागा सोडलीया गं. एवढी जागा सोडाया छाती लागती." त्या दिवशी उसाचं रान सोडून तुम्ही माझ्या माळावर आलात. मी पेढे वाटायला हवे होते.

जावई लढाईवरून आलेला, त्यानं "सगळ्यांना सिनेमा दावतो" म्हटल्यावर मामंजींचा कायदा आपोआप ढिला झाला. आपल्या नशिबानं तंबूत पुन्हा तोच सिनेमा लागला होता. नवं लुगडं नेसून, बायकांच्या बाजूला पुढं बसून आपण तो पाहिला. पाहिला म्हणजे काय, सगळा पाठच होता. पडद्यावरच्या बाईच्या आधी आपण दोघी बोलत होतो, आणि मागच्या बायका आपल्याला गप्प बसवत होत्या. दार करकरलं. तुम्ही माझा हात धरलात. आला तो एक ढेरपोट्या, मिशाळ माणूस, आणि सरळ चालत आत येऊन खाटेवर बसला. मी म्हणाले, "शेवटाला असंल." शेवटीही नव्हता. ना ती काळी चौकट, ना तांबडं, ना मागं वळणारा तो देखणा माणूस.

सिनेमा सुटल्यावर तुम्ही मॅनेजरला गाठलंत. "आमचा दारातला माणूस कुठं गेला?" असं तुम्ही त्याला विचारलंत, जसा काही त्यानं तो कापून विकला होता. त्याला आधी काही कळेना. मी पोस्टराची खूण सांगितली. तो हसला. "आवं आक्का, त्यो कागुद दुसऱ्याच पिक्चरचा! जुना, फाटका पडला हुता म्हणून दिला भिताडाला. त्यो पिक्चर कवाच गेला वाटंनं."

"कुठला पिक्चर?"

"आता काय याद हाय, आक्का. रग्गड आलं, रग्गड गेलं."

घरी येताना बांधावरून तुम्ही तरातरा पुढं चालत राहिलात. दाजींना वाटलं, तुम्हाला सिनेमा आवडला नाही. मग एकदम तुम्ही हसत सुटलात. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत, बांधावर खाली बसून. "इंदे," तुम्ही म्हणालात, "एका पिक्चरचं त्वांड आन् दुसऱ्याचं बोलणं! आपण जो बघितला, त्यो पिक्चर दुनयेत कुणीच काढला न्हाई. तुझ्यामाझ्याबिगार त्यो कुणी बघितला न्हाई." दाजी आपल्याकडं येड्यासारखे बघत राहिले. मला त्या सिनेमाइतका चांगला सिनेमा पुढं कधी पाहायला मिळाला नाही, आणि पुढं आपण पुष्कळ पाहिले.

दाजींनी पेन्शनीत निघाल्यावर आपल्या मळ्याशेजारीच घर बांधलं, म्हणून आपला वाद लांबवर चालला. जुनं स्वयंपाकघर पाडलं तेव्हा ती भिंतही गेली. पोस्टर काढायला मी पाण्याचा हात लावून बघितला, पण खळ आपण इतकी घट्ट लावलेली की कागदाबरोबर मातीच यायला लागली. तुम्ही म्हणालात, "ऱ्हाऊ दे. मला पाठ हाय." दाजी गेले त्या वर्षी तुम्ही तो विषय काढला नाहीत, मीही काढला नाही. पुढच्या वर्षी संक्रांतीला तिळगूळ देता देता तुम्हीच हळूच म्हणालात, "चूलच हाय ती." मला इतकं हायसं वाटलं! मी लगेच म्हणाले, "दिस मावळतोय, वन्सं." आणि तुमच्या तोंडावर पुन्हा जुना रंग आला.

शेवटी शेवटी तुम्हाला दिसायचं कमी झालं. मी येऊन बसले की तुम्ही विचारायचात, चौकात कुणाचा फ्लेक्स लागलाय? मी वर्णन करायची. गॉगल घातलेला पोरगा, मोबाईल कानाला, मागं वाघ. "वाघाला सावली हाय का?" तुम्ही विचारायचात. नाही म्हटलं की समाधानानं मान हलवायचात. एक गोष्ट मला तुम्हाला विचारायची होती आणि राहून गेली. त्या दिवसांत, पत्रं बंद होती तेव्हा, तुम्हाला खरोखर काय दिसत होतं? माझ्यापाशी वाद घालून झाल्यावर, मी पाठ फिरवल्यावर, तुम्ही त्या भिंतीकडं बघून एकदा तरी "चाललाय" म्हणालात का? म्हणाला असाल तर ते ओझं तुम्ही एकटीनं उचललंत. मला सांगितलं असतंत तर दोघींनी मिळून उचललं असतं.

तुम्हाला बाहेर काढलं तेव्हा संध्याकाळ झाली होती. बायका रडत होत्या, मला कुणीतरी धरून आत उंबऱ्यापाशी बसवलं होतं. पोरांनी तुम्हाला दारातून नेलं आणि पलीकडं सगळं तांबडं झालेलं. काळी चौकट, तिच्यात तुम्ही, आणि मागं नुसतं तांबडं. मी इतकी वर्षं जे सांगत होते ते डोळ्यांसमोर होतं. मी आत, दिवस मावळतोय, माणूस चाललंय. जिंकले होते मी, वन्सं. पण "बघा, गेलं" म्हणायला तोंड उघडलं तर शब्द फुटेना, कारण "आलं" म्हणणारी शेजारी नव्हती.

मग मी त्या तांबड्यात नीट बघितलं. तुम्ही शिकवल्यासारखं, डोळे बारीक करून. त्यात जांभळं कुठंच नव्हतं. ती चूलच होती, वन्सं. आत कुणीतरी पेटवून ठेवलेली. तुम्ही बाहेर गेला नाहीत, तुम्ही आत गेलात. बाहेर राहिलेय ती मी, अंगणात, भाकरतुकडा हातात घेऊन. उंबऱ्यावर तुम्ही मागं वळून मला 'ये' म्हणालात का, ते मला पाण्यानं भरलेल्या डोळ्यांनी दिसलं नाही. म्हणाला असाल तर थोडं थांबा. आणि मी आले की मला गोठ्यातनं घेऊ नका, पुढच्या दारानं घ्या.

तुमची,
इंदू